नजर जरा बाजूला

सुरेंद्रच्या मॉरिस गाडीच्या टपावर दुर्बीण बांधायला पाऊण तास लागायचा, आणि त्यातला निम्मा वेळ वादात जायचा. सुरेंद्र म्हणायचा, दोरी दोन ठिकाणी आवळली की झालं. विद्यावती म्हणायची, चार. पोस्टात पार्सलांना दोन-दोन गाठी मारून हा माणूस तसाच झालाय, असं ती त्याला तोंडावर सुनवायची. एप्रिल १९८६ मधल्या त्या शनिवारी मात्र वादाला वेळच नव्हता. अंधार पडायच्या आत सें पिएरला पोचून दुर्बीण उभी करायची होती, म्हणून मुकाट्याने तीन गाठी मारून दोघं मोक्याहून निघाले.

विद्यावती एकतीस वर्षांची होती. मोक्याच्या मुलींच्या कॉलेजात गणित शिकवायची, आणि विद्यार्थिनींपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे तिला मिस म्हणायचे. तिचा आणि सुरेंद्रचा, आकाश बघणाऱ्या हौशी लोकांचा एक छोटा क्लब होता, जेमतेम नऊ माणसांचा. त्यांनी सात महिने काच घासून दुर्बिणीचा सहा इंची आरसा स्वतःच्या हातांनी बनवला होता. काच पोर्ट लुईच्या एका भंगारवाल्याकडची, कुठल्याशा मोडीत काढलेल्या बोटीच्या गोल खिडकीची. त्या आरशाचं वेड विद्यावतीएवढं दुसऱ्या कुणालाच नव्हतं. जे मोजता येतं त्यावर तिचा विश्वास. बाकीच्या गोष्टींना ती हसायची, आणि हसताना समोरच्याचं मन राखायची तिला फारशी सवय नव्हती.

हॅलेचा धूमकेतू शहात्तर वर्षांनी आला होता. रेडिओने आणि वर्तमानपत्रांनी इतका गाजावाजा केला होता की अर्ध्या आकाशात पेटता झाडू दिसणार अशीच लोकांची समजूत होती. दुर्बिणीतून दिसायचा तो कापसाचा पुसटसा बोळा. लोक डोळा लावत, दोन सेकंदांत उठत आणि म्हणत, "हा? एवढाच?" विद्यावतीच्या जिवाला ते फार लागायचं. म्हणून प्रत्येकाला ती एक युक्ती सांगायची, सगळे आकाश बघणारे वापरतात तीच. अंधुक गोष्ट सरळ बघितली तर दिसत नाही. नजर जरा बाजूला ठेवायची, मग ती उमटते.

हीच युक्ती तिने बुधवारी वडिलांनाही शिकवली होती.

तिचे वडील, तुलसीराम, बेटाच्या उत्तरेला रिव्हिएर दू रांपारला एकटेच राहायचे. आई गेल्यापासून वांगी, टोमॅटो आणि वालाचे मांडव हाच त्यांचा संसार. अडुसष्ट वर्षांचा माणूस, साखरेचा आजार, आणि हट्ट विद्यावतीला दिला तो त्यांनीच. सें पिएरच्या कार्यक्रमाला या म्हणून ती सांगायला गेली, तर ते म्हणाले, "रांगेत उभं राहून आकाश बघायचं? माझ्या डोक्यावर हाय की माझं."

"मग निदान इथून तरी बघा," म्हणत तिने क्लबची काळी दुहेरी दुर्बीण त्यांच्या गळ्यात अडकवली. घरातले सगळे दिवे बंद करायचे, अगदी ओसरीवरचासुद्धा. टॉर्च घ्यायचा नाही. वीस मिनिटं डोळे अंधारात मुरू द्यायचे, मग आग्नेयेला बघायचं. तुलसीरामांनी सगळं शहाण्या विद्यार्थ्यासारखं ऐकून घेतलं आणि दोनदा म्हणून दाखवलं. निघताना विद्यावती खूश होती. बाबांना कधी काही शिकवायला मिळालंच नव्हतं.

सें पिएरला मराठी मंडळाच्या हॉलमागे फुटबॉलचं मैदान होतं, आणि मैदानाला लागून उसाचा मळा. सात वाजेतो दोनशे माणसं जमली. पश्चिमेला चंद्राची बारीक कोर होती. मैदानाच्या कडेला एक बाई कढई मांडून गातो पिमाँ, डाळीची तिखट भजी, तळत होती, आणि तेलाचा आणि मिरच्यांचा वास थेट दुर्बिणीपर्यंत येत होता. मंडळींनी रांग लावली होती आणि रांगेत सगळ्या भाषा चालू होत्या. म्हातारी माणसं मराठीत बोलत होती, त्यांची नातवंडं बेटावरच्या क्रेओल बोलीत उत्तरं देत होती.

क्लबचा एक नियम होता. यजमानाने शेवटी बघायचं. घरच्यांनी पाहुण्यांच्या आधी जेवू नये तसं. दुर्बिणीला आकाशाबरोबर फिरवणारी मोटर नव्हती, त्यामुळे दर दोन-तीन माणसांमागे धूमकेतू हळूच बाहेर सरकायचा. विद्यावती नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीतून बघून तो पुन्हा मध्ये आणायची. मोठ्या दुर्बिणीला तिने त्या संध्याकाळी एकदाही डोळा लावला नव्हता.

पहिली पन्नासेक माणसं नेहमीसारखीच गेली. "हा? एवढाच?" "नजर जरा बाजूला ठेवा." "हां हां, आता दिसला!" मग हरिलालचा नंबर आला. हरिलाल बसचा कंडक्टर, ड्यूटी संपवून तसाच टोपी आणि बिल्ल्यासकट आलेला, आणि मंडळाच्या हॉलच्या किल्ल्याही त्याच्याकडेच. तो वाकला. दोन सेकंद झाले, दहा झाले. तो उठेना.

"हरिलालभाऊ, दिसला का?"

"मिस, यात माणूस हाय एक."

मागे हशा पिकला. विद्यावतीही हसली. आधीच्या कुणीतरी नळीवर भार दिला असणार, दुर्बीण खाली झुकली असणार, आणि मळ्याकडेच्या कुणाचं तरी घर दिसत असणार. तिने शोधक दुर्बिणीतून बघितलं. धूमकेतू बरोबर मधोमध होता.

"पुन्हा बघा."

हरिलालने पुन्हा बघितलं. "सरळ बघितलं तर ढग दिसतो. तुम्ही सांगता तसं बाजूला बघितलं की माणूस येतो. झोपलाय." मग सरळ उभा राहत, जरा ओशाळून म्हणाला, "उलटा दिसतो."

"दुर्बिणीत सगळंच उलटं दिसतं," विद्यावती सवयीने बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःवरच चिडली.

त्याच्यामागे एक नवरा-बायको होते, नुकतं लग्न झालेले. नवऱ्याला काहीच दिसलं नाही. बायको वाकली, आणि तिने न बघताच नवऱ्याचा हात धरला. "की एते सा?" ती पुटपुटली. हे काय आहे? एवढंच बोलून ती रांगेतून बाहेर पडली. भज्यांकडे न जाता तडक रस्त्याकडे निघाली.

आता विद्यावती रागावली. कार्यक्रमाची टवाळी करायची कुणीतरी ठरवलंय, हे उघड होतं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने री ओढायची. कॉलेजात मुली करतात तेच.

पुढे बसंती आजी होत्या. ऐंशीच्या आतबाहेर वय, अंगावर पांढरी साडी, काठी नातीच्या हातात. या बाईंना टवाळी सुचेल असं वाटत नव्हतं. त्यांनी बराच वेळ डोळा लावला. त्यांचे ओठ हलत होते.

"बाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तो झोपलेला नाय गो. तो पडलाय. पायावर दगड हाय त्याच्या."

तेलाची चरचर तेवढी ऐकू येत होती.

"सुरेंद्र," विद्यावती म्हणाली, आणि आपला आवाज वर्गात असतो तसाच आहे याचं तिला बरं वाटलं. "ज्याने यातलं काही ऐकलं नसेल अशा कुणालातरी बोलाव."

सुरेंद्र भजीवालीलाच घेऊन आला. ती बिचारी पदराला हात पुसत आली, आपलं काय चुकलं म्हणून घाबरलेली. क्रेओलशिवाय तिला काही येत नव्हतं, आणि मैदानाच्या त्या टोकाला काय चाललंय याचा पत्ता नव्हता. विद्यावतीने तिला एवढंच सांगितलं की बघा, नजर जरा बाजूला ठेवा, आणि जे दिसेल ते बोला.

बाई वाकली. मग तिने छातीवर क्रूस काढला.

"बोनोम," ती म्हणाली. म्हातारा आहे. पडलेला. कपाळाला रक्त. मागे वेल चढवलेला मांडव. दगडांचा ढीग. ती थांबली, आणि गळ्याशी हात नेत बोटांनी काहीतरी दाखवू लागली. गळ्यात दोरी आहे, दोरीला काळं काहीतरी, दोन तोंडांचं.

विद्यावतीने तिला जवळजवळ ढकलूनच बाजूला केलं आणि दुर्बिणीला डोळा लावला.

धूमकेतू होता. कापसाचा पुसट बोळा, भोवती चार चांदण्या. तिने नजर बाजूला नेली. बोळा जरा उजळला, त्याची शेपटी दिसली. इतका सुंदर तो याआधी कधीच दिसला नव्हता. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, डोळा चोळून पुन्हा लावला. धूमकेतूच होता.

"काय दिसतं?" सुरेंद्रने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. आणि लगेच, "गाडी काढ."

वडिलांच्या शेजारी चिनी माणसाचं दुकान होतं. तिथे टेलिफोन होता, पण शनिवारी सहालाच दुकान बंद व्हायचं. दुर्बिणीचं तोंड आकाशाकडे होतं, आग्नेयेला. रिव्हिएर दू रांपार उत्तरेला, तिच्या पाठीमागे, कितीतरी मैल दूर. हे सगळं विद्यावतीच्या डोक्यात लख्ख होतं. तिने दुर्बिणीवर झाकण बसवलं, रांगेतल्या लोकांना हात जोडले, दुर्बीण हॉलमध्ये ठेवून कुलूप लावा असं हरिलालला सांगितलं आणि गाडीत जाऊन बसली. बसंती आजी खिडकीशी आल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या.

फ्लाकच्या रस्त्याने सुरेंद्रने गाडी कधी हाकली नव्हती अशी हाकली. दोन्ही बाजूंना ऊस होता, मध्ये गाडीच्या दिव्यांचा उजेड. कारण त्याने एकदाही विचारलं नाही, आणि त्याबद्दल विद्यावती त्याची आयुष्यभर ऋणी राहिली. बाबा दार उघडतील, म्हणतील, "काय गो, कार्यक्रम सोडून आलीस?" मग आपण काय सांगणार? दोनशे माणसांसमोर, क्लबचं नाव घालवून, मिस विद्यावती भुताटकीवर विश्वास ठेवून पळाली. सें पिएर हसेल, मोका हसेल. हसू दे. दार उघडू दे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होऊ दे, असं ती मनातल्या मनात म्हणत होती. कुणाला उद्देशून म्हणत होती ते तिलाच माहीत नव्हतं.

घर अंधारात होतं. ओसरीवरचा दिवासुद्धा बंद.

"बाबा!"

तिने गाडीतला टॉर्च उचलला.

टॉर्चवर क्लबच्या पद्धतीप्रमाणे लाल कागद चिकटवलेला होता, लोकांचे डोळे दिपू नयेत म्हणून. तिने तो ओरबाडून काढला.

वांग्यांचे वाफे. पाण्याची टाकी. वालाचा मांडव.

मांडवामागे शेतातल्या दगडांचा ढीग होता, ती लहान असल्यापासूनचा. त्याचा एक कोपरा ढासळला होता.

तुलसीराम उताणे पडले होते. कपाळावरचं रक्त वाळलं होतं. पाय दगडाखाली होता, आणि गळ्यात दुर्बीण.

सुरेंद्र तिच्याआधी पोचला. त्याने वाकून त्यांच्या नाकाशी हात धरला, आणि विद्यावतीकडे वळून त्याने मान हलवली. होकारार्थी.

ती मातीत बसली आणि बाबांचं डोकं मांडीवर घेऊन रडली. तिला त्यांचं कपाळ गार लागलं, पण छाती हलत होती. थोड्या वेळाने त्यांनी डोळे किलकिले केले.

"आलीस?" ते म्हणाले.

दगड काढायला शेजारपाजारचे चौघे धावले. शेजारची राजलक्ष्मी सारखी कपाळ बडवत होती. "सगळं घर काळोखं बघितलं गो, मी समजले काका तुझ्याकडं सें पिएरला गेले. आता सोमवारशिवाय कोण बघणार होतं इकडं!" विद्यावतीने तिला जवळ घेतलं. दिवे बंद करायला कुणी सांगितलं होतं, टॉर्च घेऊ नका कुणी म्हटलं होतं, हे राजलक्ष्मीला माहीत नव्हतं.

इस्पितळात डॉक्टरांनी कपाळाला पाच टाके घातले आणि घोटा मोडलाय म्हणून पायाला प्लास्टर केलं. साखर फार उतरली होती, रक्त बरंच गेलं होतं. सकाळपर्यंत ते उघड्यावर निभले नसते, असं त्यांनी साधेपणाने सांगितलं. आता धोका नाही. विद्यावतीने ते वाक्य त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. मग इस्पितळाच्या व्हरांड्यात तिने आणि सुरेंद्रने एक पाव अर्धा-अर्धा खाल्ला. सकाळचा, कडक झालेला, वर काही न लावलेला पाव. इतकं चवीचं तिने जन्मात काही खाल्लं नव्हतं. सुरेंद्र एकदम म्हणाला, "गाठी तीनच मारल्या होत्या आपण," आणि त्या दोघांना असं हसू फुटलं की नर्सने येऊन दटावलं.

पुढचे तीन दिवस विद्यावती सुट्टी घेऊन बाबांजवळ राहिली. कारण शोधायचा तिने प्रयत्न केला, नाही असं नाही. कागदावर दिशा मांडल्या, वेळा मांडल्या, आरशाचे कोन काढले. शेवटी कागद फाडून चुलीत टाकला आणि त्याच चुलीवर बाबांसाठी पेज केली. बाबा होते. गणित न सुटलेलं तिला पहिल्यांदाच चालणार होतं.

मंगळवारी त्यांना घरी आणलं. संध्याकाळी ओसरीच्या पुढे, अंगणात, खुर्ची टाकून ते बसले होते. प्लास्टरचा पाय स्टुलावर होता. तोंडावर पुन्हा रंग आला होता, आणि वांग्यांना कुणी पाणी घातलं नाही म्हणून कुरकुर करण्याइतका जोरही.

"चांगली माणसं पाठवलीस गो तू," ते मध्येच म्हणाले.

"कुठली माणसं?"

"त्या रातची. मी पडलो, हलता येईना. भ्यालो होतो. मंग माणसं यायला लागली. एकेक येई, वरून वाकून बघे, जाई. डोकी खाली नि पाय वर, पर मला काय वावगं वाटलं नाय. एक टोपीवाला होता, कंडक्टर असावा, छातीवर बिल्ला. एक पोरगी घाबरली. एक म्हातारी, ती बोलली माझ्याशी. म्हणाली, दादा, कळ काढ, येतात. नि एक क्रूस करणारी बाई, तिच्या हाताला मिरच्यांचा वास. मला धीर आला गो. एकटा नाय वाटलं."

विद्यावती हातातली कपबशी धरून उभी होती.

"मंग तू आलीस." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "पर तू माझ्याकडं बघितलंच नाय. माझ्या पलीकडं कुठं तरी बघत होतीस. मी हाक मारली."

तिला रडू आवरेना. तिने त्यांच्या हातावर डोकं टेकलं. बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. "अगो, रडतेस काय? आलीस ना? आलीस की शेवटी. पा त्राका, पा त्राका." काळजी नको, काळजी नको. लहानपणी ती पडली की म्हणायचे तसंच.

ते खरंच होतं. ती आली होती आणि ते जिवंत होते. तिने डोळे पुसले, आत जाऊन नवा चहा केला, ओसरीवरचा दिवा लावला, आणि दिव्याचा तो पिवळा उजेड अंगणात पडलेला बघून तिला फार बरं वाटलं. आता हा दिवा कधी बंद करायचा नाही, असं तिने मनाशी ठरवलं. दोन कप घेऊन ती स्वयंपाकघराच्या दाराने अंगणात आली.

तेवढ्यात बाबांनी मोडक्या पायासकट खुर्ची सरकवत सरकवत ओसरीच्या पत्र्याखाली नेली होती.

"बाबा! हे काय? पाऊस थोडाच येतोय?"

"पाऊस नाय गो."

वर आकाश निरभ्र होतं. त्यांनी एकवार तिकडे बघितलं, आणि कुणा अनोळखी माणसाची नजर चुकवावी तशी मान खाली घातली.

"बाकीची गेली सगळी, त्याच राती," ते म्हणाले. "वर एक राहिलाय. बोलत नाय, हलत नाय. शनिवारपासनं माझ्याकडं बघतोय."

विद्यावती अंगणाच्या मधोमध थांबली.

"तू पण आत ये, बाय," बाबा हळूच म्हणाले. "मी आत आलो, आता तो तुझ्याकडं बघतोय."